सही कुठे करू?

पोस्ट लांबली आहे, सकाळचे पोहे आटोपल्यावर वाचायला घ्या.

गेल्या महिन्यात आपल्यातल्या एकांनी रामबागेतल्या त्यांच्या जुन्या घराचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "आजोबांनी बांधलेली वास्तू". आपण सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. नंतर मनात आलं, आमच्या घराबद्दल मीसुद्धा जन्मभर असंच सांगत आलो. "वडिलांनी 1954 मध्ये बांधलं." खरी गोष्ट अशी की वडिलांकडे जागेपुरते पैसे होते. भिंती उभ्या राहायची वेळ आली तेव्हा आईच्या पाटल्या आणि गोठ सराफ्यात गेले, ते परत आलेच नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही. वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत त्यांच्याच अक्षरात आहे: "सौ.चे दागिने मोडून, रु. 1,140." आईचं नाव वहीत नाही, आणि घराच्या कागदावर तर नाहीच.

मी बी.कॉम. झालेला माणूस. भांडवल कुणी घातलं आणि मालक म्हणून नाव कुणाचं, हे दुकानाच्या खात्यात पहिल्याच दिवशी विचारायला शिकवतात. घराच्या खात्यात तो प्रश्न मला पंच्याहत्तरी गाठल्यावर सुचला.

बँकेत लागलो 1973 साली. राष्ट्रीयीकरण होऊन चार वर्षं झाली होती, नवीन शाखा भराभर उघडत होत्या. सदतीस वर्षांत इंदूर, खंडवा, झाबुआ, रतलाम, रायपूर (तेव्हा ते आपल्याच मध्य प्रदेशात होतं) असा फिरलो. काउंटरच्या आतून माणसं जशी दिसतात तशी देवळात पण दिसत नाहीत. या सदतीस वर्षांत बायकांच्या तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं, सांगू? "सही कुठे करू?" कशावर करू, का करू, हे क्वचित. नवऱ्यानं बोट ठेवायचं, तिनं सही करायची. शिकलेल्या बायका सुद्धा. रतलामला एक मास्तरीणबाई होत्या, हायस्कुलात गणित शिकवायच्या. दर महिन्याच्या दोन तारखेला त्यांचे यजमान यायचे, बाईंनी सह्या करून दिलेले पैसे काढण्याचे फॉर्म घेऊन. रक्कम यजमान माझ्यासमोर भरायचे. सही जुळत होती, मी पैसे देत होतो. एकदा बाई स्वतः आल्या, पासबुक भरून घ्यायला. शिल्लक बघून म्हणाल्या, "एवढेच?" मग माझ्याकडे बघून हसल्या आणि गेल्या. मी पण हसलो. काय करणार होतो म्हणा. पण तो "एवढेच?" अजून कानात आहे.

आता कुणी म्हणेल, त्या जुन्या गोष्टी झाल्या. आता जनधनमध्ये निम्म्याहून जास्त खाती बायकांची आहेत, मुली स्वतः फोनवरून पैसे पाठवतात. खरं आहे, आणि चांगलं आहे. पण ज्यांच्या घरी सत्तरीच्या आई, सासू, काकू आहेत त्यांनी आज संध्याकाळी सहज विचारून बघा: तुझं एटीएम कार्ड कुठे आहे? पिन कुणाला माहीत आहे? खात्यात किती आहेत? उत्तर मला सांगू नका, स्वतःपाशीच ठेवा.

कायद्याचंही असंच. लहान मुलाचा स्वाभाविक पालक कोण, तर 1956 च्या कायद्यात लिहिलं होतं, बाप, "त्याच्यानंतर" आई. आम्ही बँकवाले हे घोकून बसलेलो. लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला गेल्या आणि पालक म्हणून स्वतःची सही केली, तर अर्ज परत आला, वडिलांची सही आणा म्हणून. त्या कोर्टात गेल्या. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की "नंतर" याचा अर्थ बाप मेल्यावरच असा घ्यायचा नाही; तो हजर नसेल, लक्ष देत नसेल तेव्हाही आई पालक आहे. निकाल वाचून आमच्या शाखेतल्या एक सहकारी बाई म्हणाल्या होत्या, "नऊ महिने कुणी पालकत्व केलं ते कोर्टाला विचारायला पाहिजे होतं." या बाई माझ्याच बॅचच्या. हिशेबात माझ्यापेक्षा तेज. दिवसअखेरीस रोकड जुळली नाही की मॅनेजर त्यांना हाक मारायचा, मला नाही. अधिकारी होण्याची संधी त्यांना दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी लिहून दिलं, नको. बढतीबरोबर बदली येणार, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. त्यातल्या एका वेळी यादीत पुढचं नाव माझं होतं. मी झाबुआला अधिकारी म्हणून गेलो, घरी पेढे वाटले. त्या क्लार्क म्हणूनच निवृत्त झाल्या. माझं निवृत्तिवेतन त्यांच्यापेक्षा बरंच जास्त आहे. आमच्या अकलेत मात्र फरक होता तो उलट्या बाजूचा.

आणि मी झाबुआला गेलो म्हणजे काय, तर बायको गेली. दोन मुलं, गॅसचं कार्ड, शाळेचे दाखले, देव, लोणच्याच्या बरण्या, सगळं बांधून सोडून परत बांधून. मी सोमवारी नवीन शाखेत हजर. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत आकडा आहे: घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला 299 मिनिटं त्यात जातात, जे पुरुष घरकाम करतात त्यांची 97. आकडा वाचून मी हिला म्हटलं, "बघ, पुरुष पण दीड तास करतात." ही म्हणाली, "कुठे राहतात हो ते?"

असो. ज्यासाठी लिहायला बसलो ते हे नव्हे.

माझी मोठी बहीण, ताई. 1946 चा जन्म, म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. हायर सेकंडरीला शाळेत पहिली आली होती. कॉलेजात जायचं होतं. वडील वाईट नव्हते, पण त्यांनी हिशेब केला: पुढे दोन मुलगे शिकवायचे आहेत. 1966 मध्ये ताईला ग्वाल्हेरला लष्करात दिली, माणसं चांगली, शाळामास्तर मुलगा. लग्नाचा सगळा खर्च वहीत आहे: रु. 4,870. त्यात मांडव, आचारी, मानपान, सगळं आलं. धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगचा खर्च पण त्याच वहीत आहे, दर महिन्याची मनिऑर्डर, फी, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान. मी बेरीज केली. पाच वर्षांचे रु. 9,300 होतात. "मुलीला लग्नात दिलं की", हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या वेळा बोललं जातं की ते कायद्याचं कलमच वाटतं. भावाला "इंजिनीअरिंगमध्ये दिलं की" असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

वडील 1988 मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं. घर त्यांचं स्वकष्टार्जित. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, ताई, मी आणि भाऊ, चौघांचा सारखा हिस्सा. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही, कारण कर्जाच्या कागदांत वारस तपासणं माझं रोजचं काम होतं. इथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळ जण समजतात की मुलींना हक्क 2005 मध्ये मिळाला. 2005 मध्ये मिळाला तो वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मापासूनचा. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तो काही अटींवर 1994 मध्येच आला होता, आपल्याकडे नव्हता. वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हा हक्क आहेच, असं न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलीचा हिस्सा 1956 पासून आहे. राहत्या घराची वाटणी मात्र भाऊ करतील तेव्हाच तिला मागता येत होती, आणि लग्न झालेल्या मुलीला तिथे राहण्याचा हक्क नव्हता. ते कलम 2005 मध्ये काढलं. म्हणजे बघा, कायद्यानंसुद्धा घरात हिस्सा दिला आणि दाराची किल्ली भावाकडे ठेवली.

तर 1989 मध्ये मी हक्कत्यागाचा कागद तयार केला. मसुदा माझा. वकिलानं फक्त टाइप करून घेतला. "मी माझ्या स्वखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय" हे शब्द मी माझ्या हातानं लिहिले. ताई दिवाळीला आली होती, तेव्हाच उरकून घेऊ म्हटलं. रिक्षातून तिला आणि आईला रजिस्ट्रारकडे नेलं. आईनं आधी सही केली. मग ताईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला विचारलं, "सही कुठे करू?"

मी बोट ठेवलं.

परतताना राजवाड्यापाशी मी दोघींना शिकंजी पाजली. ताई म्हणाली, "आता येत जाईन ना रे मी, पहिल्यासारखी?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? तुझंच घर आहे." तासाभरापूर्वी ते तिचं होतं, कागदोपत्री. मी तेव्हा खरंच मनापासून बोललो होतो, हीच त्यातली गंमत. मला काही खटकलं नाही. स्वखुशीनं केलं म्हणतात ते असं असतं: नाही म्हटलं तर माहेर तुटेल हे तिला माहीत, आणि ते तिला माहीत आहे हे आपल्याला माहीत. बँकेत आम्ही जामीनदाराला निदान विचारायचो, कागद वाचला का? ताईला मी तेही विचारलं नव्हतं.

2013 मध्ये घर बिल्डरला दिलं. आई तोवर गेली होती. एक कोटी वीस लाख आले, भाऊ आणि मी साठ-साठ. ताईला पैठणी घेतली, चांगली घेतली. तिचे यजमान 2009 मध्ये गेले होते. पैठणी बघून म्हणाली, "मला कुठे आता नेसायची ही." ती तिनं सुनेला दिली.

इथे आणखी एक सांगतो, राग येईल कुणाला तर येऊ दे. त्याच वर्षी ताई संक्रांतीला आमच्याकडे होती. आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. बोलावणं आलं, "काकू, तुम्ही आणि सूनबाई या." ताई खोलीतच होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तिनंही मासिकातून डोकं वर काढलं नाही. ज्या हॉलमध्ये ते झालं तिथे भिंतीवर अहिल्यादेवींची मोठी तसबीर आहे, त्या दिवशी हार घातलेला. खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात 1754 मध्ये मारले गेले. त्यानंतर 1767 ते 1795 या बाईनं राज्य केलं. आपण इंदूरकर "आमच्या अहिल्यामाता" म्हणून छाती पुढे काढतो. त्या स्वतः त्या संध्याकाळी आल्या असत्या तर त्यांना वाण मिळालं नसतं. कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचं गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवांच्या बाबतीतल्या या सगळ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. खेड्यातल्या लोकांना जमलं. आपल्या मंडळांना विषयपत्रिकेवर घ्यायला अजून मुहूर्त सापडत नाही. आणि या मंडळांचे हिशेब तपासायला मीच जात असतो, तेव्हा मी पण त्यातच आलो.

या वर्षी मी मृत्युपत्र करायला घेतलं. फ्लॅट मुलाला, ठेवी मुलीला, असा मसुदा मुलीला फोनवर वाचून दाखवला. मला वाटलं, ती म्हणेल फ्लॅटचं मूल्य जास्त आहे. ती म्हणाली, "माझं राहू दे बाबा. आत्याचं काय केलं होतं तुम्ही?" मी सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आत्याकडचे वीस लाख तुमच्या ठेवीत आहेत, आणि ती ठेव तुम्ही मला देताय."

बरोबर होतं. एक कोटी वीस लाखांचे तीन हिस्से, चाळीस-चाळीस. माझ्याकडे साठ. वीस जास्तीचे. बँकवाल्याची खोड, व्याज पण काढलं. सात टक्क्यांनी बारा वर्षांचं चक्रवाढ धरलं तर पंचेचाळीस लाखांच्या घरात जातं. तेवढे माझ्याकडे नाहीत. दोघांच्या औषधपाण्याचं बघावं लागतं. मुद्दल तरी द्यावं असं ठरवलं. भावाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, पस्तीस वर्षांनी हे उकरून काढून तू मला चोर ठरवतोयस." मी म्हटलं, मी माझं देतोय, तुझं तू बघ. गणपतीत त्याचा फोन आला नाही. कधी चुकवत नसे.

ठेव आमच्या दोघांच्या नावावर होती, "दोघांपैकी कुणीही" या पद्धतीची, म्हणजे मुदत संपल्यावर पैसे घ्यायला माझी एकट्याची सही पुरे. आजवर पुरत आली. या वेळी मी हिला विचारलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "द्या. ताईंचेच आहेत." आणि थोड्या वेळानं, मान वर न करता, "माझ्याही सह्या झाल्यात उज्जैनला, ते लक्षात असू द्या. तेव्हाही गाडी तुम्हीच चालवत होतात."

उज्जैनचं मी विसरलो होतो. खरं सांगतो, पार विसरलो होतो. 1997 साल. हिच्या भावानं जेवायला श्रीखंड केलं होतं, ते मात्र आठवतं.

भाऊबीजेला ग्वाल्हेरला गेलो. ओवाळणीत दरवर्षीप्रमाणे पाचशे रुपये घातले. जेवणं झाल्यावर, मुलगा-सून बाहेर गेले तेव्हा, चेक वेगळा दिला. ओवाळणीत घातला नाही, कारण ही थकबाकी होती, भेट नव्हती. वीस लाख, अकाउंट पेयी, ताईच्या पूर्ण नावानं, "सौ." नाही, "श्रीमती" नाही, फक्त नाव. बहीण आयकराच्या दृष्टीनं नातेवाईक आहे, कर लागणार नाही, हेही समजावून सांगितलं. तिनं चष्मा काढला, पुसला, लावला. आकडा वाचला, अक्षरी वाचला. म्हणाली, "कशाला आता. लोक म्हणतील, म्हातारपणी भावाकडून हिस्सा घेतला."

मी म्हटलं, कुठले लोक, ताई?

तिनं उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "हा भरायचा कुठे?" तेव्हा कळलं की ताईचं एकटीचं खातंच नाही. जिथे पेन्शन येते त्या खात्याला मुलाचं नाव जोडलेलं आहे, कार्ड त्याच्याकडे, मोबाइलवरचे संदेश त्याच्याच नंबरवर. मुलगा गुणी आहे हो, तिला काही कमी करत नाही. मागेल ते आणून देतो. पण मागावं लागतं. मी म्हटलं, उद्या सकाळी चल, तुझं एकटीचं खातं उघडू, आधार आणि फोटो घे, अर्ध्या तासाचं काम आहे, मी सोबत आहे. ताई म्हणाली, "मुलाला विचारते आधी. त्याला वाटेल, विश्वास नाही."

एकोणऐंशी वर्षांची बाई. शाळेत पहिली आलेली. आधी वडिलांना विचारलं, मग यजमानांना, मग मला. आता मुलाला. मला तिच्यावर रागवायचा अधिकार नाही, ही सवय तिला लावणाऱ्यांत माझं बोट आहे.

चेक तिनं पोथीत ठेवला, माझ्यासमोर. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत आलो. आठवड्यातून एकदा फोन असतो, तब्येत, हवा, नातू. चेकचं मी काढत नाही, ती पण काढत नाही. रोज सकाळी मी फोनवर खात्यातली शिल्लक बघतो. चेकची मुदत तीन महिन्यांची असते. आज बासष्टावा दिवस आहे, वीस लाख अजून माझ्याच खात्यात दिसताहेत.